पुण्याच्या उन्हाळ्यात ट्री फर्नचे कोंब काळे का पडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला सातव्या मजल्यावर राहणाऱ्या एकांनी ऑगस्टमध्ये नर्सरीतून साडेतीन फुटी ट्री फर्न, म्हणजे झाडासारखं खोड असलेला नेचा, आणला आणि पश्चिमेच्या गॅलरीत मोठ्या कुंडीत लावला. डिसेंबरपर्यंत तो छान वाढत होता. मार्चमध्ये पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा करपल्या, आणि आता मधून येणारे गुंडाळलेले कोंब उलगडायच्या आतच काळे पडून सुकतायत. त्यांनी पाणी दोन वेळा केलं, निमतेल फवारलं, पानांच्या पाठीमागे तपकिरी ठिपके दिसले म्हणून बुरशीनाशकही मारलं. आता विचारतायत, कुठलं औषध देऊ, की झाड गेलंच?

पहिल्यांदा हे सांगते की औषध थांबवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून झाडाला रोग झालेला दिसत नाही, ते तहानलेलं आहे. कुंडी ओली असताना झाड तहानलेलं कसं, हे नीट कळलं की पुढचे बहुतेक उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

ट्री फर्नचं खोड आपण ज्याला लाकूड म्हणतो तसं नसतं. मधोमध एक बारीकसा गाभा आणि त्याच्या भोवती हजारो बारीक मुळांचं जाड आवरण, अशी त्याची रचना आहे. ही मुळं खोडाच्या वरच्या भागापासून निघून खाली उतरतात, म्हणून बुंधा तळाशी जास्त जाड दिसतो. जंगलात हे आवरण सतत दमट असतं, त्यावर शेवाळ वाढतं, आणि झाड तिथूनही पाणी घेतं. आता तुमच्या झाडाच्या खोडाला हात लावून बघा. माझा अंदाज असा की ते काथ्याच्या पायपुसण्यासारखं कोरडं खडखडीत लागेल. तुम्ही दोन वेळा पाणी देताय ते सगळं कुंडीच्या मातीत जातंय, खोडाला त्यातलं काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतला दमटपणा २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरतो. तुमच्याकडे त्यात सातव्या मजल्याचा वारा आणि पश्चिमेचं ऊन. दोन वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं खालून वर पोचत नाही. याचा फटका आधी पानाच्या टोकांना बसतो, कारण ती सगळ्यात लांब. मग कोवळ्या कोंबांना. कोंब उलगडतो तो पेशींत पाणी भरून त्या ताणल्या गेल्या म्हणून. त्या दिवसांत पाणी कमी पडलं तर कोंब तिथेच थांबतो, वाळतो आणि काळा पडतो. बघणाऱ्याला ते कुजल्यासारखं वाटतं, म्हणून लोक बुरशीनाशकाकडे वळतात.

खरोखर कुजणं आणि वाळणं यातला फरक बोटांनी कळतो. काळा कोंब दाबून बघा. कोरडा, चुरचुरीत असेल आणि वास नसेल तर वाळलाय. मऊ, चिकट असेल, ओढल्यावर अलगद हातात येत असेल आणि आंबूस वास असेल तर शेंडा कुजतोय. शेंड्याच्या मधोमध, जिथे पुढचे कोंब तपकिरी केसांत घट्ट मिटून बसलेले असतात, तिथे बोटानं हलकेच दाबा. कडक लागलं तर झाड जिवंत आहे. हे बघताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाकातोंडावर रुमाल बांधा. देठांवरचे ते बारीक केस त्वचेला आणि डोळ्यांना बराच वेळ टोचत राहतात.

हा शेंडा जपायचा, कारण ट्री फर्नला वाढीचा बिंदू बहुधा एकच असतो. आंब्याची फांदी छाटली की बाजूनं फुटवे येतात, इथे तसं होत नाही. खोडाला जखम झाली तर ती भरूनही येत नाही. म्हणून "वरून कापून बघू, फुटेल" असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आता त्या तपकिरी ठिपक्यांबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही नेहमीची आहे. पानाच्या मागे, प्रत्येक छोट्या पर्णिकेच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना गोल ठिपके ओळीत, सारख्या अंतरावर बसलेले असतील तर ते बीजाणूंचे पुंजके आहेत. नेच्यांना फूल-बी नसतं, त्यांचं पुनरुत्पादन यातूनच होतं. म्हणजे झाड चांगलं वयात आलंय. खवले कीड असती तर ठिपके वेडेवाकडे, कुठेही, देठावरसुद्धा असते, नखानं खरवडल्यावर निघाले असते आणि खालची पानं चिकट झाली असती. शंका असेल तर पिकलेले ठिपके असलेला पानाचा तुकडा पांढऱ्या कागदावर ठिपके खाली करून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर बारीक पूड पडलेली दिसली की विषय संपला.

निमतेलाबद्दल थोडं कडक बोलते. गुलाबाला, जास्वंदीला ते चालतं. नेच्यांची पानं पातळ असतात, तेल आणि साबणाचे फवारे त्यांना सहज भाजतात, आणि मार्चच्या उन्हात तर नक्कीच. तुमच्या पानांवरचे काही करपलेले डाग त्या फवाऱ्याचे असण्याची शक्यता आहे. खरंच पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याच्या धारेनं धुऊन काढा, उरलेला ओल्या कापसानं पुसा. पावसाळ्यात मात्र एक खरा शत्रू येतो, मोठ्या आफ्रिकन गोगलगायी. त्या कोवळे कोंब रातोरात खातात. सातव्या मजल्यावर तुम्हाला तो त्रास बहुधा होणार नाही, पण बंगल्याच्या आवारात ट्री फर्न असलेल्यांनी जून-जुलैत रात्री बॅटरी घेऊन त्या वेचून काढाव्यात.

तर या आठवड्यात काय करायचं ते सांगते.

आधी जागा बदला. बाकी सगळे उपाय मिळून जेवढं करतील त्याहून जास्त हे एक करतं. पूर्वेची किंवा उत्तरेची गॅलरी असेल तर झाड तिकडे न्या. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन चालेल, त्यानंतर उजेड हवा पण ऊन नको. दुसरी गॅलरीच नसेल तर पश्चिमेच्या बाजूला ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट वरपासून खालपर्यंत बांधा. ती उन्हासाठी जितकी, तितकीच वाऱ्यासाठी. नुसती वर छतासारखी बांधून उपयोग नाही, चार वाजताचं ऊन आडवं येतं. आणि एसीचं बाहेरचं युनिट त्याच गॅलरीत असेल तर त्याचा गरम झोत कुठे जातो ते बघा. बाकी सगळं बरोबर असूनही एकाच बाजूची पानं वाळत असतील, तर मी आधी ते युनिट शोधते आणि बऱ्याचदा ते तिथेच सापडतं.

मग खोडाचं पाणी. सोपा उपाय असा: खोडाभोवती गोणपाटाचे दोन-तीन वेढे किंवा काथ्याची दोरी सैलसर गुंडाळा, शेंडा पूर्ण मोकळा ठेवा. खोडाच्या वरच्या टोकाशी, शेंड्याच्या किंचित खाली, ठिबकचा एक ड्रिपर बसवा. ठिबक नसेल तर मेडिकलमधून सलाईनचा सेट आणून पाण्याची बाटली वर टांगा. थेंब थेंब पाणी आवरणातून झिरपत खाली उतरलं पाहिजे. सकाळी अर्धा तास आणि कडक उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमारास पुन्हा थोडा वेळ. गोणपाट दिवसभर दमट राहील एवढंच बघा. शेंड्यावर सकाळी हलका शिडकावा चालतो, पण रात्रभर मध्ये पाणी साचून राहील असं ओतू नका, आणि तिथे शेणखत किंवा पाचोळा तर अजिबात भरू नका.

कुंडीचं पाणी आता कमी करायचं आहे, वाढवायचं नाही. एक लांब बांबूची काडी कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून वास घ्या. आंबट, गटारासारखा वास आला तर खालची मुळं गुदमरतायत. मुळांना हवा मिळाली नाही की ती पाणी ओढू शकत नाहीत, मग झाड वरून सुकलेलं दिसतं, आपण आणखी पाणी घालतो आणि हे चक्र सुरू होतं. कुंडीखालची ताटली काढा, तीन विटांवर कुंडी ठेवा, भोकं मोकळी आहेत का बघा. वरची दोन इंच माती कोरडी होऊ लागली की मगच पाणी द्या, पण दिलं की तळातून बाहेर येईपर्यंत द्या.

तुमच्याकडे पाणी कुठलं येतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी या झाडाला बरं चालतं. पण बाणेर, वाकड, हिंजवडीकडच्या बऱ्याच सोसायट्या उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर असतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. ट्री फर्नला किंचित आम्लधर्मी माती लागते, साधारण साडेपाच ते साडेसहा सामू (पीएच). जड पाण्यानं तो चढत जातो आणि मुळांना लोह मिळेनासं होतं. याची खूण म्हणजे नवीन पान पिवळट, पण त्याच्या शिरा हिरव्या. मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजा क्षार साचतायत. टोकं करपण्याचं तेही एक कारण आहे, तेव्हा हवेबरोबर पाण्याचीही चौकशी करा.

इथे दोन पाणी कटाक्षानं टाळायची. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी लोक झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, फरशी धुवायला ते ठीक, ट्री फर्नला नाही. दुसरं सोसायटीच्या सॉफ्टनर प्लँटचं पाणी. त्यातला चुना जातो पण त्याच्या जागी सोडियम येतं, आणि सोडियम मुळांना त्याहून वाईट. यातून सुटायला उन्हाळ्यात एक छान मार्ग घरातच असतो, एसीच्या नळीतून गळणारं पाणी. ते हवेतल्या वाफेचं झालेलं, जवळजवळ क्षार नसलेलं असतं, आणि नेमकं एप्रिल-मेमध्ये बादलीभर जमतं. मी ते ट्री फर्नच्या खोडासाठी बिनधास्त वापरते, आणि कुंडीसाठी नळाच्या पाण्यात निम्मं मिसळून. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवता आलं तर फारच उत्तम.

नवीन पान पिवळं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्या, पण ईडीडीएचए प्रकारातलं. स्वस्त मिळणारं ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत टिकत नाही. पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं पुरतं. बाकी कुठलंही खत सध्या नको, युरिया तर कधीच नको. ताणाखाली असलेल्या झाडाला खत दिलं की कडा आणखी करपतात. पाऊस सुरू होऊन नवीन कोंब नीट उलगडू लागले की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, ऑक्टोबरपर्यंत. त्याबरोबर मूठभर गांडूळखत मातीवर, खोडापासून थोडं दूर.

करपलेली पानं कापायची का, असंही बरेच जण विचारतात. ज्या पानाचा अर्ध्याहून जास्त भाग हिरवा आहे ते ठेवा. ते कुरूप दिसलं तरी झाडाला तेच पोसतंय. टोकं बोचत असतील तर कात्रीनं तेवढीच छाटा. पूर्ण वाळलेली पानं कापताना देठाचा चार-सहा इंचाचा भाग खोडावर राहू द्या, ओढून काढू नका, कारण त्याबरोबर आवरण सोलून येतं. खालची एक-दोन जुनी पानं पिवळी होऊन लोंबणं हे या झाडाचं नेहमीचंच आहे, त्याची काळजी नको.

कुंडी बदलायचा मोह या दिवसांत आवरा. नर्सरीतून येणारी बरीच झाडं चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतात. पुण्यात विकली जाणारी खूप रोपं आंध्रातल्या कडियमसारख्या दमट गावांतून येतात, तिथे शेडनेटखाली ती माती चालून जाते, आपल्याकडे ती उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते आणि पावसाळ्यात चिखल. ती बदलावी लागेलच, पण जूनअखेर, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. मिश्रण असं घ्या: चार भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट, तीन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग गांडूळखत. कोकोपीट आधी दोन-तीनदा पाण्यात धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. काळी माती किंवा चुनखडीचा मुरूम नको. आणि खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा. हलतंय म्हणून खोल पुरू नका, बांबूचा आधार द्या. जुन्या गोळ्यातली माती बाहेरून बोटांनी मोकळी करा, सगळी झटकून मुळं उघडी करू नका.

जातीबद्दल सांगायलाच हवं, कारण शेवटी निम्मं त्यावर ठरतं. आपल्याकडे "ट्री फर्न" म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सायथिया कूपेराय, मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं. सावली आणि ओल सांभाळली तर ते पुण्यात तगतं, बऱ्यापैकी वेगानं वाढतंही. सह्याद्रीत दक्षिणेकडे ओढ्यांकाठी वाढणारं काळपट देठांचं सायथिया जायगँशिया रोपवाटिकेत तयार केलेलं मिळालं तर तेही चांगलं. मात्र जंगलातून उपटलेलं झाड कोणी देत असेल तर घेऊ नका. सायथियाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटीस या धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या कराराचं नियंत्रण आहे, आणि उपटलेलं झाड बहुधा जगतही नाही. ऑर्किड लावायला ट्री फर्नच्या खोडाच्या फळ्या विकतात, त्याही याच झाडांच्या कत्तलीतून येतात, मी त्या कधीच सुचवत नाही. डिक्सोनिया अंटार्क्टिका नावाचं टास्मानियाचं झाड इंटरनेटवर फार सुंदर दिसतं, पण ते थंड हवेचं आहे, पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याचे हाल करू नका.

अपेक्षा किती ठेवायची तेही बोलू. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात ७०० ते ७५०. एरंडवण्यातल्या जुन्या बंगल्यात, मोठ्या झाडांच्या सावलीत, फरशी ओली राहते अशा कोपऱ्यात मी डौलदार ट्री फर्न सांभाळलेत. सातव्या मजल्यावर पश्चिमेला तोच डौल येणार नाही. पानं लहान राहतील, दर उन्हाळ्यात टोकं थोडी तपकिरी होतील. दिवसातून चार वेळा हातपंपानं पानांवर फवारा मारून हे बदलत नाही. त्याचा दमटपणा काही मिनिटांत उडून जातो आणि जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग राहतात. त्यापेक्षा सात-आठ इतर कुंड्या त्याच्याभोवती दाटीनं ठेवा आणि दुपारी गॅलरीची फरशी भिजवा. वर्षातला दुसरा अवघड काळ ऑक्टोबर हीटचा. पाऊस गेला म्हणून शेडनेट आणि खोडाचं ठिबक लगेच काढून ठेवू नका, उलट तेव्हाच पुन्हा सुरू करा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की वाढ थांबते. तेव्हा कुंडीचं पाणी आणखी कमी करा, पण खोड पूर्ण कोरडं पडू देऊ नका.

राहिला प्रश्न, झाड गेलंय का? शेंडा कडक असेल तर नाही. जागा बदलून खोड भिजतं ठेवल्यावर आधी वाळलेले कोंब परत हिरवे होणार नाहीत, ते तसेच राहू द्या. त्यांच्या मधून नवा कोंब यायला महिना-दीड महिना लागू शकतो, मेमध्ये त्याहून जास्त. पहिली एक-दोन पानं खुजी आली तरी हरकत नाही. पावसाळ्यात झाड उघड्यावर, थेट पावसात ठेवा, साचलेले क्षार त्यानं धुऊन जातील. जुलै संपेपर्यंत काहीच हललं नाही आणि शेंडा मऊ पडला तर मात्र ते गेलं असं समजा. तेव्हा त्याच गॅलरीत पुन्हा ट्री फर्न आणू नका, शेडनेट बांधून बोस्टन फर्न किंवा बर्ड्स नेस्ट फर्न लावा. तोवर शेंड्याचा वरून आणि खोडाचा जवळून असे दोन फोटो पाठवा, आणि पाणी बोअरचं की महापालिकेचं तेही कळवा. लोह द्यायचं की नाही ते मी त्यावरून सांगते.